पट्ट्याविना बक्कल

तलासरीच्या हायवेवर मी मोटारी विकतो. गिऱ्हाईक गाडीत बसलं की माझं कीर्तन सुरू. खांद्यावरून कमरेला येणारा हा पट्टा दूरच्या एका थंड देशातल्या कंपनीनं काढला. पेटंट हातात होतं, पण कुलपात ठेवलं नाही. सगळ्या मोटारवाल्यांना सांगितलं, घ्या, वापरा, माणसं वाचू देत. इथं मी थांबतो, आवाज ओला करतो. कैनाडच्या एका शेतकऱ्यानं यावर डोळे पुसले आणि लगेच सीट कव्हर फुकट मागितलं.

माझ्या स्वतःच्या गाडीत मात्र दोन्ही खाचांत पट्ट्याविना नुसती बक्कलं खोचलेली. पट्टा लावला नाही की गाडी टिवटिव करते. ते तोंड बंद करायला ही बक्कलं मोबाइल कव्हरांच्या टपरीवर मिळतात. आपल्याकडे पट्टा लावायचा तो पोलिसासाठी. ड्रायव्हरशेजारी बसून पट्टा ओढला तर त्याला राग येतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे. ती माझ्यावरच बेतलीय हे तेवढं उशिरा कळलं.

आई डहाणूच्या किनाऱ्यावर मासळी सुकवते. एकदा शोरूममध्ये येऊन तिनं माझं कीर्तन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. पुढच्याच आठवड्यात तलासरीच्या बाजाराला जाताना मी तिला पहिल्यांदा माझ्या गाडीत पुढे बसवलं. सुकटीची टोपली मागच्या सीटवर. वासावरून मी वाटभर कटकट करत होतो; ती पदराखाली हात घेऊन बसली होती.

कोसबाडच्या उतारावर म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. कपाळ स्टीअरिंगवर आपटलं, टोपली उलटली आणि अर्धी सुकट माझ्या कॉलरीत शिरली. म्हैस सावकाश निघून गेली.

मग आईकडे पाहिलं. पदर सरकला होता. पट्टा छातीवरून बरोबर घेतलेला, आणि त्याचं टोक तिनं कमरेशी दोन्ही मुठींत आवळून धरलेलं. होडी ओढताना दोर धरते, तसं.

"हे काय गं?" मी ओरडलो.

"तूच सांगतोस ना, लावायचा म्हणून. त्या भोकात तुझं कायतरी खोचलेलं. म्हटलं, कामाचं असंल, काढायला नको. डहाणूपासून धरून बसलेय."

मला लाज वाटली. गिऱ्हाइकांना मी ते गाडी खपावी म्हणून सांगायचो. हिनं ते खरं मानलं होतं. कपाळाला टेंगूळ, कॉलरीत सुकट, अशा थाटात मी ते बक्कल नखांनी उपटायला लागलो. निघेना.

"निघंल, सावकाश काढ," आई म्हणाली. "तवर मी धरते."