'रेकॉर्ड रूममध्ये गेलो होतो'

मी हालचाल रजिस्टरमध्ये 'रेकॉर्ड रूम' लिहायचो आणि मुतारीत जायचो. दिवसातून दहा-बारा वेळा, तीन वर्षं. हसा खुशाल. माझ्या फजितीचे किस्से मी स्वतःच चवीनं सांगत आलोय, पण हा नाही — एका माणसाशिवाय कुणालाच नाही, बायकोलाही नाही. का, ते कळेलच.

दुखणं त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास सुरू झालं. मूत्राशयाचं. लघवी साठली की आतून कुणी तिखट चोळतंय असं वाटायचं. जाऊन आलो की पाच मिनिटं बरं, मग पुन्हा तेच. रिपोर्ट दर वेळी स्वच्छ. मुतखडा समजून मी बार्लीचं पाणी प्यायलो, तांब्यावर तांबे — दुखऱ्या पिशवीत आणखी पाणी ओतणारा शहाणा मीच. पुढे एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून सांगितलं, आतल्या अस्तराला सूज आहे, हे जन्मभर राहणार, चहा सोडा. चहा सुटला. दुखणं राहिलं.

सिन्नरला सासुरवाडीला जाताना एसटीत दाराजवळची जागा धरायची, हे ठरलेलं. द्वारका चौक ते सिन्नर फाटा, आडोशाची प्रत्येक भिंत मला पाठ होती. आणि त्या भिंतींवर काय रंगवलेलं असायचं? गुप्तरोग, खात्रीशीर इलाज. आता तुम्हीच सांगा — अशा भिंतीसमोर तासातासाला उभ्या राहणाऱ्याबद्दल लोक काय समजतील? ऑफिसात काय कुजबुजतील? मला तेवढीच भीती होती. म्हणून लपवलं.

ऑफिस सरकारी. नवे साहेब आले आणि त्यांनी हालचाल रजिस्टर सुरू केलं — जागेवरून उठायचं तर कुठे, किती वाजता, खाली सही. बारा वेळा 'लघवी' लिहू? मुतारी रेकॉर्ड रूमच्या मागे, वाट तिकडूनच जाणारी. मी 'रेकॉर्ड रूम' लिहू लागलो. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

रेकॉर्ड रूम पगारे सांभाळायचा. दुपारच्या सुट्टीत सायकलवर घरी जायचा, लकवा झालेल्या आईला भरवायचा आणि वेळेत परत. तिला दुसऱ्या कुणाच्या हातचा घास चालत नसे.

एक दिवस जमिनीच्या दाव्याची एक फाइल सापडेना. साहेबांनी रजिस्टर चाळलं. पानोपानी मी, रेकॉर्ड रूममध्ये. पगारेला बोलावलं, तर तो म्हणाला, हे महिन्यातून एखाद्या वेळी येतात फार तर. खरं तेच बोलला. पण रजिस्टरवर सह्या होत्या आणि पगारेकडे नुसता शब्द. साहेबांनी अर्थ काढला तो असा — सीनियर क्लार्क रोज येऊन जातो आणि याला पत्ता नाही, म्हणजे हाच जागेवर नसतो. दुपारी घरी जातो हे सगळ्यांना ठाऊक होतंच. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही जाता तेव्हा हा असतो का?

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, मी आजारी आहे, मुतारीत जातो. एवढंच. आणि मी काय म्हणालो?

"कधी असतो, कधी नसतो."

बघा — सरळ खोटं बोलायचीही छाती नाही. पगारेनं माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. मला आश्चर्य वाटलं आणि हायसंही वाटलं. कुठलं जास्त, ते विचारू नका.

फाइल पुढे साहेबांच्याच कपाटात सापडली. तोवर पगारेची सुरगाण्याला बदली झाली होती, आणि निघालेली ऑर्डर कोण मागे घेतो? आईला त्यानं देवळ्याला बहिणीकडे ठेवलं. रविवारी गाड्या बदलत तिथे पोचेपर्यंत दुपार टळून जायची. वर्षभरात म्हातारी गेली. शेवटी शेवटी खाणंच सोडलं होतं म्हणे.

मी भेटायला गेलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चार शब्द बोललो — आणि अर्ध्या तासात दोनदा त्याच्या बहिणीला मोरी विचारली. दुसऱ्यांदा मोरीत उभा असताना वाटलं, आता बाहेर जाऊन सांगून टाकावं. बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणालो, गाडीची वेळ झाली.

दुखण्यावर ढकलू? दुखत होती ती पिशवी. जीभ शाबूत होती. तीच जीभ दुसऱ्या दिवशी ऑफिसात किस्से सांगून लोकांना हसवत होती.

रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी पगारे द्वारका चौकात भेटला. तोही निवृत्त, केस पांढरे. रसवंतीच्या बाकावर बसवलं. त्याच्यासाठी रस सांगितला, मला चालत नव्हता. मग एका दमात सगळं ओकलो — दुखणं, रजिस्टर, मुतारी, ते वाक्य. तो ऐकत होता. मधे मधे घोट घेत होता.

"ठाऊक होतं की अण्णा," तो म्हणाला. "मुतारी माझ्या खिडकीला लागून. तुमचं कण्हणं रोज ऐकू यायचं. साहेबांना तेव्हाच सांगणार होतो. पण म्हटलं, आजारी माणूस, चारचौघांत त्याची लाज कशाला काढा. सांगेल तो स्वतःच."

त्यानं ग्लास खाली ठेवला आणि उठला.

"उगाच जपली मी तुमची लाज. तुम्हाला ती नव्हतीच."