दहा नंबरचा पाना

आमच्या घरी एक गाडी होती आणि गाडीपेक्षा जास्त जपलेला एक कागद होता. गाडी पांढरी, छोटी, चार दारांची. त्यातलं मागचं डावं दार सुतळीनं बांधलेलं. कागद बँकेचा, बेबाकीचा. या माणसाकडे आमचं आता काही येणं राहिलं नाही, असं बँकेनं लिहून दिलेलं. बाबांनी तो आर्णीला जाऊन लॅमिनेट करून आणला आणि गाडीतल्या समोरच्या खणात ठेवला. कोणी पाहुणा गाडीत बसला की गावाची शीव ओलांडायच्या आत तो कागद बाहेर निघायचा. "वाचा," बाबा म्हणायचे, "पुरा वाचा. खालची सही बी पाहा." पाहुणा बिचारा खड्ड्यांत उसळत उसळत सही पाहायचा.

बाबा आर्णीजवळच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. शेतकऱ्याची गाडी फाटकात आली की ढिगात हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन चिमटीत धरून धागा ताणायचा आणि उजव्या अंगठ्याच्या नखावर त्याची लांबी पाहायची. ओल किती, कचरा किती, हे त्यांना बोटांनीच कळायचं. त्यांच्या त्या उजव्या अंगठ्यावर आमचं घर चालायचं. वर चार एकर शेत होतं, पण शेतानं घर चालतं असं म्हणायची सोय त्या वर्षांत कोणालाच नव्हती.

गाडीचा शेवटचा हप्ता भरला तेव्हा मी बारावीत होते. पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला बाबा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले. आई म्हणाली, "आता कायले जाता बँकेत? फिटला ना?" बाबा म्हणाले, "हप्ता फिटला, सवय कायले मोडू?" आणि ते पोस्टात गेले. तेवढीच रक्कम त्यांनी माझ्या नावानं भरली. त्यानंतर दर महिन्याला भरत राहिले. त्या पैशांवर मी यवतमाळला नर्सिंगला गेले.

म्हणून ती गाडी म्हातारी झाली तरी घरातून हलली नाही. पावसात वायपर एकाच बाजूचा चालायचा, तोही मनात आलं तर. बाबांनी मला त्याच गाडीवर चालवायला शिकवलं, शेताच्या पांदणीत. "गिअर असा टाक जसं वासराच्या तोंडात बोट देऊन राह्यली," म्हणायचे. मी हॉस्टेलला जाताना ते सोडायला यायचे आणि मी त्यांना कॉलेजच्या फाटकाच्या बरीच अलीकडे थांबवायची. पुढे वळायला जागा नाही, असं सांगायची. जागा भरपूर होती. बाबांनाही दिसत होती. ते निमूटपणे तिथूनच गाडी वळवायचे.

त्यांच्याबरोबरच्या दोघा-तिघांनी नव्या गाड्या घेतल्या होत्या. बाबांना खिजवायचे, "आता तरी डबडं बदला." मग ती वाईट वर्षं आली. कधी बोंडात अळी, कधी ऐन वेचणीत पाऊस, आणि दोन्ही नसलं की भाव नसायचा. मार्चपर्यंत घरघरणारी जिनिंग संक्रांतीलाच थंड पडू लागली. हप्ते थकले आणि एकेक करून त्या नव्या गाड्या बँकेनं दारातून ओढून नेल्या. मला वाटलं होतं, बाबा आता छाती काढून कागद दाखवतील. त्यांनी तो खणातून काढणंच बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी मैयत असताना आपण पेढे वाटतो का?"

आमची बैलजोडी त्याच काळात विकली गेली. चारा परवडेना, नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होऊ लागली. जोडीच्या पैशांतून माझी दुसऱ्या वर्षाची फी गेली, हे मला आईनं सांगितलं.

बैल गेले, पण पोळा काही चुकला नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबांनी वाटीत तूप-हळद कालवली आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि गाडीच्या बॉनेटच्या दोन्ही कडांना तूप चोळू लागले. आईनं कपाळाला हात लावला. "येड लागलं का तुमाले?" बाबा म्हणाले, "वर्षभर ओढते ना आपल्याले? मंग?" आणि आरशाजवळ तोंड नेऊन त्यांनी गाडीला आवतन दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची तार सोडवली आणि पाना आपल्या बंडीच्या खिशात टाकला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, मग गाडीही जुंपायची नाही. घरात पाना एकच. कोणी लाडीगोडी लावली तरी दिवसभर तो खिशातून निघायचा नाही. संध्याकाळी गावातली पोरं गाडीला घुंगरमाळ बांधून, धक्का मारत पोळा भरतो तिथल्या तोरणाखाली घेऊन गेली. तिथे पोळ्याच्या झडत्या म्हणतात, एकमेकांची टोपी उडवायला. एकानं लगेच रचली:

"चार पायाचा बैल इकला, चार चाकाचा ठेवला,
गावानं मारला धक्का, तवा तोरणाखाली आला!
हर बोला हर हर महादेव!"

सगळ्यात मोठ्यानं बाबा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण ते इतके खुश होते की त्यांच्यावर रागावताही येईना.

पुढच्या पोळ्यालाही हेच झालं. मी तिसऱ्या वर्षाला असताना पोळ्यासाठी घरी आले, तेव्हाही सकाळीच तार निघाली होती आणि पाना खिशात गेला होता. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. मी ओट्यावर बसून वेलची कुटत होते आणि बाबा अंगणात गाडीच्या आरशांना बेगड चिकटवत होते. दुपारचे दोन वाजले असतील. त्यांच्या हातातून खळीची वाटी पडली. त्यांनी ती उचलली. पुन्हा पडली.

मी वर पाहिलं. ते माझ्याकडे पाहून हसले. हसू एकाच बाजूनं आलं.

याचा अर्थ काय, हे मला त्याच वर्षी शिकवलं होतं. पेपरातही आलं होतं, मी पूर्ण उत्तर लिहिलं होतं. मी धावत गेले, त्यांना बाजेवर बसवलं आणि म्हटलं, "बाबा, दोन्ही हात वर करा." डावा वर आला. उजवा अर्ध्यात येऊन मांडीवर पडला.

"बाबा, पाना द्या. यवतमाळले जाऊ."

त्यांनी डाव्या हातानं खिसा दाबून धरला. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "आज नाई. आज त्याचा दिवस हाय. ऑटो आण."

"बाबा, वेळ नाई आहे."

"आज जुंपत नाईत, माय."

आई रडत बाहेर आली होती. तीही म्हणाली, "त्याहिचं आयक बाई. सणाच्या दिवशी अपशकून नको करू. ऑटो बोलाव."

आणि मी ऐकलं. इथे मी कितीही वर्षं थांबले तरी दुसरं काही लिहिता येत नाही. पाना त्यांच्या खिशात होता, माझ्या हातापासून वीतभर लांब. धडधाकट असताना त्यांचा हात मी बाजूला सारू शकले नसते, पण तेव्हा त्यांच्या एका हातात जोर उरला नव्हता आणि दुसरा मी सहज हलवला असता. बाबांच्या खिशात हात घालायचा नाही, ही लहानपणची शिकवण मला आडवी आली. तीन वर्षांची नर्सिंग त्या खिशापाशी थांबली, आणि ती नर्सिंग त्याच गाडीच्या हप्त्याच्या सवयीतून मिळालेली होती. मला त्याची इतकी लाज वाटते की इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही.

फोन केला की दवाखान्याची गाडी दारात येते, असे ते दिवस नव्हते. गावातल्या नव्या गाड्या ओढून नेलेल्या, एक उरली होती ती मालकाला घेऊन सासुरवाडीला गेलेली. मोटरसायकलवर बाबांना बसवता येईना. शेजारचे काका आर्णीला ऑटो आणायला गेले. पोळ्याच्या दुपारी ऑटोवाला मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट. कोणी तोरणाकडे गेलेला, कोणी पिऊन पडलेला. ऑटो आला तेव्हा सव्वा तास झाला होता. तोवर बाबांचं बोलणं बंद झालं होतं. आमचा ऑटो गावाबाहेर पडत होता आणि घुंगरमाळा घातलेले बैल समोरून येत होते, म्हणून आम्हाला आणखी थांबावं लागलं. आमची गाडी अंगणात आरशांना बेगड लावून उभी होती.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "केव्हापासून?" मी वेळ सांगितली. ते म्हणाले, "लवकर आणायला पाहिजे होतं." मग मी कागदांसोबत दिलेलं नर्सिंग कॉलेजचं ओळखपत्र पाहिलं आणि फॉर्म भरू लागले. लवकर आणलं असतं तर नक्की काय झालं असतं, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मलाही हे ठाऊक आहे. पण त्यानं झोप लागत नाही.

वॉर्डात बाबांचे कपडे माझ्या हातात दिले. बंडीच्या खिशात पाना तसाच होता, थोडं तूप लागलेला.

बाबा वाचले. उजवा हात गेला. पाय ओढत चालू लागले, शब्द दोन-दोन करून येऊ लागले. पण अंगठा लुळा पडला आणि जिनिंगवाल्यांनी दुसरा माणूस ठेवला. त्यांची काही चूक नव्हती. पारखणाऱ्याला बोटं लागतात. एकदा आई सरकी निवडत बसली होती. बाबांनी तिथला कापसाचा पुंजका डाव्या हातानं उचलला आणि उजव्या नखावर ठेवून पाहिला. तो घसरला. त्यांनी तो तसाच जमिनीवर राहू दिला.

मालिशसाठी त्यांना दर आठवड्याला यवतमाळला न्यावं लागायचं, आणि न्यायला तीच गाडी होती. मी हॉस्टेलवरून दर रविवारी घरी यायची आणि सोमवारी गाडी चालवायची. लोक म्हणाले, अपशकुनी गाडी आहे, विकून टाका. बाबा मान हलवून नाही म्हणायचे. विकून येणार तरी काय होतं? मला त्या गाडीला लाथा माराव्याशा वाटायच्या आणि दर सोमवारी मी तिचं पाणी, ऑइल तपासायची. त्या दुपारबद्दल बाबा एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. एकाच गाडीत शेजारी शेजारी बसून आम्ही वर्षभर ते बोललो नाही.

पुन्हा पोळा आला. आदल्या संध्याकाळी बाबांनी आईकडून वाटी मागून घेतली. डाव्या हातानं बॉनेटला तूप चोळलं. आरशापाशी वाकून ओठ हलवले, पण आवाज काही आला नाही. मी दारातून पाहत होते आणि माझ्या अंगाची आग होत होती. मनात म्हटलं, उद्या तार काढा म्हणाले तर मी भांडणार. सणाचा दिवस असला तरी भांडणार.

सकाळी त्यांनी मला खूण केली. पाना. मी कोनाड्यातून आणून त्यांच्यासमोर धरला, तोंडातून शब्द निघायला तयारच होते. त्यांनी तो घेतला. पाय ओढत गाडीपाशी गेले. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आई चुलीवरचं सोडून दारात आली होती.

मग ते वळले. पाना माझ्या तळहातावर ठेवला आणि डाव्या हातानं माझी बोटं एकेक करून मिटवली, लहानपणी जत्रेत पैसे द्यायचे तशी.

"जोडून... राहू दे," ते म्हणाले. "तुह्यापाशी. मले... मांगू नको."

संध्याकाळी पोरं धक्का मारायला आली तर बाबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला चालकाच्या सीटकडे बोट दाखवलं. मी किल्ली फिरवली. त्या पोळ्याला आमची गाडी स्वतःच्या पायानं तोरणाखाली गेली. बाबा शेजारी बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून. कोणी झडती म्हटली नाही. पाना माझ्या ओढणीच्या गाठीत बांधलेला होता. तो मला बरोबर एक वर्ष उशिरा मिळाला होता, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.