शेवटचा हात

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. कीव करायची असेल तर पुढं वाचू नका.

हिंगोलीत मला सायकलीचं काम उस्तादांनी शिकवलं. शिकलो, आणि त्यांच्याच समोर दुकान टाकलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. ते विलायती चाकं विकत, मी जपानी. गिऱ्हाइकाची पारख एकच — चाक उचलायचं, फिरकी द्यायची. जास्त वेळ फिरेल ते चांगलं. उस्ताद चिडायचे. मधल्या हबमध्ये ग्रीस भरलेलं चाक लवकर थांबणारच, पण तेच टिकतं, असं सांगायचे. बराबर होतं त्यांचं. मला ठाऊक नव्हतं का?

सेनगावच्या शाळेतले मास्तर नवं चाक घ्यायला आले तो बाजाराचा दिवस. माझ्या हबमधलं ग्रीस मी आधीच काढून टाकलं होतं — आत नुसतं घासलेट. भर रस्त्यात दोन्ही चाकं फिरवली. उस्तादांचं थांबलं, माझं फिरतच राहिलं.

"उस्ताद, चेला पुढं गेला की तुमच्या," मास्तर म्हणाले. लोक हसले. फार गोड वाटलं मला — का नाकारू?

मास्तरांनी माझंच चाक नेलं. महिनाभरात ते करकरू लागलं. माझं दुकान त्या दिवशी बंद, म्हणून मास्तर उस्तादांकडं गेले. उस्तादांनी हब खोललं. छर्रे कोरडे, फुटलेले. आज सायकल नेऊ नका, म्हणाले. मास्तरांना सेनगावची शाळा गाठायची होती. ते उस्तादांकडून तसंच जोडून घेऊन गेले. उतारावर चाक जाम झालं. मास्तरांचा उजवा हात कोपरात मोडला, तो वाकडाच राहिला.

मग लोक दोघांच्या दुकानांपुढं जमले. म्हाताऱ्यानं जळून केलं, असं बोलून राहिले. उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. घासलेटाचा वास त्यांना आला नसेल?

"बोल, बेटा," एवढंच म्हणाले.

मी मान खाली घातली नाही. डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, "शेवटचा हात त्यांचा व्हता."

आमच्या धंद्यात एवढं पुरतं — शेवटी ज्यानं खोललं, दोष त्याचा. आणि शब्द तर खराच होता — म्हणूनच तो निवडला. सहा महिन्यांत त्यांचं दुकान उठलं. ते लेकीकडं नांदेडला गेले, तिथंच वारले.

तरणं वय होतं, घाबरलो होतो — असलं काही मी म्हणणार नाही. घाबरलो नव्हतोच. जिंकलो होतो, ते सोडायचं नव्हतं.

मास्तर आता डाव्या हातानं फळ्यावर लिहितात. सायकल माझ्याकडंच आणतात. काल आले, उस्तादांना दोन शिव्या हासडल्या. मी ऐकल्या, आणि हवा भरून दिली.