मागचं दार

ती केस आजही आठवते, आणि आजही डोकं तापतं ते आरोपीपेक्षा बाकीच्यांवर.

मुलुंडची एक तरुण विवाहिता घाटकोपरला एका लॅबमध्ये कामाला होती. एका संध्याकाळी बस आलीच नाही. ठाण्याकडे जाणाऱ्या खाजगी गाड्या हायवेवर थांबतात, लोक बसतात, रोजचंच आहे. ती मागे बसली. आत ड्रायव्हरशिवाय कोणी नव्हतं. मुलुंड आलं तरी गाडी थांबेना. उतरवायला सांगितलं, तर त्या माणसाने सुरा दाखवला आणि गाडी ऐरोलीच्या रस्त्याला घातली. पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं होतं. तिने हँडल ओढलं, दार उघडेना. मग काच खाली फिरवली, हात बाहेर काढून बाहेरून दार उघडलं आणि धावत सुटली.

फिर्याद लिहिताना आमच्याच हवालदाराने विचारलं, अनोळखी गाडीत बसलातच कशाला? सोबत आलेल्या सासऱ्यांनी मान डोलावली.

गाडीचा नंबर तिला आठवत नव्हता, पण डाव्या आरशाला पिवळी टेप होती. भांडुपचा एक पंक्चरवाला आमचा जुना खबरी. त्याचा फोन आला, "साहेब, तुमची टेपवाली हवा भरायला आलीय." गाडीसकट उचलला.

चौकशीत गडी शांत. लिफ्ट दिली, कबूल. सुरा? कसला सुरा? वर हसून म्हणाला, "ती स्वतः उतरली ना साहेब? मी काय दार धरून ठेवलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सासरे तक्रार मागे घ्यायला सुनेला घेऊन हजर. कोर्टात नाव निघेल, बिल्डिंगमध्ये तोंड कसं दाखवायचं? माझ्यासमोरच तिला म्हणाले, "अगं, आधीच उतरायचंस ना. त्याने काय दार धरून ठेवलं होतं?"

शब्दाला शब्द तोच. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, साहेबी गोड भाषा मला कधी जमलीच नाही. म्हटलं, "बाबा, असला गुन्हा तुमच्या मर्जीने मागे जात नाही. खाली चला."

जप्त केलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. पंच बोलावले, आरोपीलाही आणलं. फिर्यादी ताईंनी त्या संध्याकाळी बसल्याची जागा दाखवली. तिथे एका पंचाला बसवून दार लावलं. आतून उघडेना. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून दाराच्या कडेला एक खटका असतो. मागच्या दोन्ही दारांना तो लावलेला होता.

"मुलं किती रे तुला?"

"लग्न नाय झालं, साहेब."

"मग खटका कोणासाठी?"

हसू गेलं. संध्याकाळपर्यंत त्याने सुरा कुठे फेकला तेही दाखवलं.

पंचनामा उरकल्यावर सासरे हळूच म्हणाले, मी बसून बघू? बसले. दार लावलं. त्यांनी दोनदा हँडल ओढलं, खांद्याने रेटलं आणि काचेतून आमच्याकडे बघत राहिले. मी पुढे होणार, तोवर सुनेने बाहेरून दार उघडलं. "उतरा, बाबा," एवढंच म्हणाली. तक्रार मागे घ्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे कोर्टात तिच्या साक्षीला तेच सोबत आले. आरोपीला शिक्षा झाली.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. बसलीस कशाला, उतरली का नाहीस, हे बाईला विचारायला घर, बिल्डिंग, पोलीस ठाणं, सगळे तयार असतात. खटका का लावलास, हे त्याला विचारायची घाई कोणालाच नसते.

आमच्या त्या हवालदारालाही मी नंतर मागच्या सीटवर बसवलं. जरा जास्त वेळ बसवलं.