बांधी आणि बंदी

मोबाइल हा माझा वैरी. कॉलेजात माझा तास सुरू होण्याआधी सगळ्यांनी आपापले फोन दारावरच्या कापडी पिशवीत टाकायचे, असा नियमच होता. त्या पिशवीचा मला कोण अभिमान!

त्या वर्षी शेवटच्या वर्षाची एक मुलगी पंधरा दिवस वर्गात फिरकली नाही. कॉलेजपर्यंत पोचलेली ती तिच्या घरातली पहिलीच. शेवटी वैतागून त्याच वैऱ्यावरून मी निरोप धाडला, "उद्या आली नाहीस तर हजेरीपायी परीक्षा बुडेल." तासाभराने उत्तर आलं, "मॅडम मी बंदीत आहे येता येत नाही."

घरच्यांनी कोंडलं असणार, लग्न उरकून टाकणार, एवढंच डोक्यात. तशीच स्कूटी काढली आणि अड्याळच्या पलीकडचं तिचं गाव गाठलं.

ती सापडली धानाच्या बांधीत. बायांच्या रांगेत, चिखलात वाकून रोवणी करत होती. हात भरलेले, म्हणून तिने निरोप बोलून लिहिला होता. धानाच्या खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात, हे फोनला कुठून ठाऊक? त्याने बंदी करून टाकली. पण मी तर इथलीच, माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?

"माय बिमार हाये मॅडम," ती म्हणाली. "तिच्या जागी मीच रोवून राहिली. रोवणा झाला का येतो."

सोडवायला आले होते, पण सोडवायचं होतं ते हजेरीचं कोडं. त्याच संध्याकाळी मी अर्थशास्त्राचा तास फोनमध्ये बोलून तिला पाठवला. रोज ती ऐकायची आणि उत्तरं बोलून पाठवायची. प्राचार्यांनी कुरकुरत का होईना, ती हजेरी धरली.

फोन बांधावर ठेवला की रांगेतल्या सगळ्याच बाया ऐकत. श्रमविभागणीच्या तासानंतर तिच्या उत्तरामागून एका म्हातारीचा आवाज आला, "बाई, तुमी जे सांगून राहिल्या, ते आमी करूनच तं राहिलो!" मी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी वर्गातही कारखान्याऐवजी रोवणीचंच उदाहरण दिलं.

पिशवीत आता खडू असतात.

निकालाच्या दिवशी तिचा निरोप आला. या वेळी हात कोरडे होते, शब्द मात्र मुद्दाम तोच: "मॅडम, बंदीतून सुटली. सगळे विषय निघाले."