फौजदारबाईंचा अॅप्रन

त्या हॉस्पिटलात संधिवाताचे डॉक्टर एकच आणि त्यांच्याशी खोटं बोलणारे पेशंट दिवसाला चाळीस. खोटं तरी कसलं, तर डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघत "काय, बरं आहे ना?" विचारलं की "बरं आहे" म्हणायचं. डॉक्टर देवमाणूस, पण मान वर करायला सवड नव्हती बिचाऱ्यांना. इतक्या घाईतल्या माणसाला आपल्या दुखण्याची भर कशाला, म्हणून पेशंट सुजलेली बोटं खिशात घालून हसत बाहेर पडायचे. डॉक्टर 'प्रकृती ठीक' असं टाइप करायचे. दोन्ही पक्ष खूश.

ही खुशी मोडायला हॉस्पिटलनं कॉरिडॉरच्या टोकाला, चादरींच्या खोलीशेजारी, एक बाई बसवल्या होत्या. कागदोपत्री त्या संधिवाताच्या खास नर्स. पेशंट त्यांना फौजदारबाई म्हणत, अर्थात माघारी.

"सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?" बाई विचारत.

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे? चहा उकळेपर्यंत, की चहा पिऊन पेपर वाचून होईपर्यंत?"

"पेपर." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "पुरवणीसकट."

"मग आत बरं आहे म्हणून कुणी सांगितलं?"

यानंतर त्या अठ्ठावीस सांधे मोजत. बोटं, मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे. प्रत्येक सांधा स्वतःचं नख पांढरं पडेपर्यंत अंगठ्यानं दाबायचा आणि दाबताना पेशंटच्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघायचं. तोंड खोटं बोललं तरी भुवया बोलत नाहीत, असा त्यांचा अनुभव. मग त्या पेशंटला मानगुटीला धरल्यासारखं परत डॉक्टरांपुढे नेत आणि डॉक्टर निमूटपणे औषध बदलत. दुपारी फोन. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी कुणी रोज तर घेत नाही ना, रक्त तपासलं का, ताप आला तेव्हा गोळी थांबवून आधी मला का विचारलं नाही, अशी झाडाझडती चालायची.

सुपरिंटेंडेंटच्या मते त्या दिवसभर नुसत्या गप्पा मारत. ही जागा टिकवायला बाई दोन वर्षं भांडल्या होत्या.

नव्या पेशंटसाठी त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. "पहिले बारा आठवडे. तेवढ्यात औषध सुरू झालं तर सांधा वाचवता येतो. पुढे मग आम्हीही आहोत आणि तुम्हीही आहात, पण गेलेला सांधा काही परत येत नाही." उशिरा येणाऱ्यांची त्या अशी काही खरडपट्टी काढत की दुखण्यापेक्षा ते बोलणं जास्त लागायचं.

त्यांच्या हाती लागलेल्या खोटारड्यांत पहिला नंबर टेलरमास्तरांचा. सहा वर्षांपूर्वी हा गडी इस्त्रीचा शर्ट घालून आला, गळ्यापासून खालपर्यंत बटणं लावलेली. "बघा, स्वतः लावली. बोटं एकदम झकास." बाईंनी खांदा बघायला शर्ट काढायला सांगितला, तर मास्तरांनी कॉलर धरून ओढली आणि चर्रर्र असा आवाज झाला. बटणं नुसती वरून शिवलेली. काजं बंद. आत बुटांना असते तसली चिकटपट्टी. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अठ्ठावीस सांधे मोजले, त्यातले एकोणीस सुजलेले निघाले. शिवणकाम सुटलं होतं, पण हे घरात सुनेलाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मास्तर दर तीन महिन्यांनी येत, आणि बाई आधी त्यांचा शर्ट ओढून बघत.

आता गंमत अशी, की बाईंच्या स्वतःच्या बोटांना सुरुवात होऊन अकरा आठवडे झाले होते.

पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, पाणी गार आहे. तिसऱ्यात म्हणाल्या, उशीवर हात अवघडला असेल. सहाव्यात म्हणाल्या, वय झालं. ही तिन्ही कारणं पेशंटनी सांगितली तर त्या कोपरापासून हात जोडत. स्वतःला सांगितली तेव्हा त्यांना ती अगदी पटली. सकाळी मूठ वळेपर्यंत चहा, पेपर, पुरवणी सगळं होऊन जायचं. त्यांनी घरात सुरी हातात धरणं सोडलं. नवऱ्याला वाटलं, बढती मिळाली. "बावीस वर्षांनी हिचा माझ्यावर विश्वास बसला," असं तो शेजाऱ्यांना सांगत फिरला आणि कांदे चिरताना आनंदानं रडला.

आणि दोन रविवार दार लावून बाईंनी आपल्या अॅप्रनला चिकटपट्टी शिवली. बटणं तशीच वरून. चोराकडून चोरी शिकायला फौजदाराला कसली लाज?

लाज नव्हती, भीती होती. ज्या अंगठ्यावर सगळी फौजदारी चालायची, तोच गेला तर उरणार काय? रेकॉर्डरूमच्या फायली. अंगठा दाबला की कळ कोपरापर्यंत जायची, म्हणून त्या आता सांधे हळूच चाचपत. पेशंटच्या भुवया हलत नसत. सूज कमी आली असं त्या लिहीत आणि आपल्या उपचारांचा गुण बघून त्यांचं त्यांनाच बरं वाटे.

बुधवारी मास्तर आले. बाईंनी त्यांचे सांधे मोजले. मास्तर त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले.

"आज दाबलंच नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

"दाबलं की. सुधारणा आहे तुमच्यात."

"कसली सुधारणा? सकाळपासून मनगट ठणकतंय. तुम्ही दाबाल म्हणून ओरडायची तयारी करून आलो होतो."

बाई रक्तदाबाचं मशीन काढायला खालच्या कप्प्याकडे वाकल्या, आणि पाठ ताणली गेली तसा चर्रर्र असा आवाज झाला.

"मशीनच्या पट्ट्याचा आवाज," बाई म्हणाल्या.

"पट्टा कप्प्यात आहे. कप्पा बंद आहे."

मास्तर खुर्ची ओढत जवळ आले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून अॅप्रनची कड डोळ्यांपुढे धरली. चाळीस वर्षं कापड बघितलेला माणूस तो. वरच्या बटणाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टाके बघितले.

"हे कुणी घातले?"

"बाहेरून करून घेतलं."

"खोटं. बाहेर असे टाके घातले तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. इथं सुई सुटलीय. इथं परत धरलीय. इथं दोन बोटांत धरता येईना म्हणून मुठीत धरलीय." त्यांनी कड सोडली. "बाई, माझ्या त्या शर्टाचे टाकेही असेच पडले होते. किती दिवस झाले?"

"थोडे."

"थोडे म्हणजे?"

बाईंना हसू यायला हवं होतं. रडू आलं. अकरा आठवडे, त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आकडा त्यांना पहिल्यांदा ऐकू आला. पेशंट असता तर त्यांनी त्याला सोलून काढलं असतं.

"म्हणजे एक शिल्लक आहे," मास्तर म्हणाले. "मी आलो तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ऊठ पोरी."

कॉरिडॉरभर लोकांनी बघितलं, आज मास्तर फौजदारबाईंना धरून नेत होते. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत होते.

"या सिस्टर. काय, बरं आहे ना?"

"बरं आहे," बाई म्हणाल्या.

तोंडून निघूनच गेलं. दारात मास्तरांनी कपाळावर हात मारला. डॉक्टरांची बोटं टाइप करू लागली होती. बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आपल्या अंगठ्याकडे, आणि मग दोन्ही हातांनी अॅप्रन धरून वरपासून खालपर्यंत ओढला. चर्रर्र.

डॉक्टरांनी मान वर केली.