मास्तरांच्या चित्रातली कोरी जागा

दुपारची जेवणं उरकून मालनबाई मास्तरांच्या चित्रांच्या खोलीत सतरंजीवर आडव्या होतात. सुनेच्या शिलाई मशीनचा आवाज आधी जवळून येतो, मग लांबून, मग येतच नाही. डोळा लागला की नाही हे त्यांचं त्यांनाच कळत नाही, तोच दारातून मास्तर आत येतात. सात महिन्यांपूर्वी वारलेले त्यांचे यजमान, बाह्या दुमडून, शाळेतून आल्यासारखे!

"चहा टाकू?" बाई विचारतात. दुसरं काय सुचणार हो!

"नको. बस अशी."

यशवंत नलवडे म्हणजे कोल्हापुरातल्या एका शाळेचे चित्रकलेचे मास्तर. घरी मात्र आभाळात चरणाऱ्या म्हशी काढायचे, जिन्यावरून उतरणारं तळं काढायचे. लोक हसायचे. मालनबाईंनाही त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण मास्तरांची रंग कालवायची फळी रोज संध्याकाळी खरवडून, रॉकेलच्या बोळ्यानं पुसून लख्ख करायचं काम त्यांचं. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. अन् तिथंच घात झाला. सकाळी रंग कालवता कालवता मास्तर गेले, त्या संध्याकाळीही घर माणसांनी भरलेलं असताना बाईंचे हात सवयीनं फळीकडं वळले. शेवटच्या चित्रात मधोमध चेहऱ्याएवढी जागा कोरी होती. त्या जागेसाठी मास्तर तीन आठवडे जो रंग जमवत होते, तो बाईंनी पुसून टाकला! हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. मास्तर रागावले असतील, एवढं एकच मनाला खात असतं.

खोलीची भिंत कुठं गेली कुणास ठाऊक. सतरंजी रंकाळ्याच्या काठावर आहे. पाण्यावरून दोन म्हशी तरंगत वर निघाल्यात आणि बाईंना त्याचं काही नवल वाटत नाही.

"अहो, माझ्या हातून चूक झाली."

"फळी ना? ठाऊक आहे."

"रागावलात?"

मास्तर एकदम विचारतात, "कसला होता गं तो रंग?"

बाई आपली नखं बघतात. रंग हाताला लागला होता, नखात गेला होता, पण आठवत मात्र नाही. "मी... मी बघितलाच नाही हो."

"चाळीस वर्षं पुसलंस, आणि बघितलं नाहीस?"

बाई आता शाळेच्या बाकावर आहेत, मान खाली घालून. मास्तरही अंग चोरून शेजारी बसतात.

"मी तरी कुठं बघितलं?" ते हळूच म्हणतात. "तुला काढायला घेतलं, अन् तुझा चेहरा आठवेना. एका घरात राहून! समोर बस म्हणायची लाज वाटली. नुसता अंदाजानं कालवत होतो. पुसलास ते बरं केलंस, साफ चुकला होता."

बाईंना हसू येतं. "सांगायचं तरी! बसले असते की हो."

"आता बस." मास्तर अंगठ्यानं त्यांची हनुवटी उचलतात, चेहरा उजेडाकडं वळवतात आणि बघत राहतात. लग्न झाल्यापासून इतकं कधी बघितलं नव्हतं. "हां. असा आहे होय!"

"थांबा ना," बाई म्हणतात. पण शेजारी कुणी नाही.

मशीन थांबलेलं आहे. सून दारात उभी. "आई, उठताय ना? अगं बाई, हनुवटीला काय लागलंय तुमच्या?"

मालनबाई भिंतीवरच्या आरशापुढं जातात. ना धड तांबूस ना धड तपकिरी, बोटभर रंग, अजून ओला. त्यांना हुंदका आवरत नाही.

"काही नाही गं," त्या म्हणतात. "ह्यांचं बोट लागलंय."